गिरडचा दगड आणि राहिलेली अर्धी गोष्ट

ललिता, काल तुझी तेरवी झाली. शंभरावर पानं उठली. वडे बरे झाले होते, कढी पातळ झाली. तू असतीस तर कढीला मला हात लावू दिला नसतास. आलेल्या बायका तुझ्याबद्दल एकच बोलत होत्या, "लय भोळी होती बिचारी." मी मान हलवत वाढत राहिले. भोळी कसली? मी थोरली जाऊ म्हणून तू मला "बाई, तुम्ही" करायचीस, आणि बाई-तुम्ही करता करता तुला हवं तेच माझ्याकडून करून घ्यायचीस. भोळ्या माणसाला हे जमत नाही.

तुझ्यापाशी एक कबुली द्यायची राहिली आहे. सावंगीच्या दवाखान्यात तू दोनदा तुझा गिरडचा दगड मागितलास. मी म्हटलं, घरीच आहे, बियाण्याच्या फळीवर, आणते. तो फळीवर नव्हता. मी खोटं बोलले आणि दुसऱ्या दिवशी त्याहून वाईट केलं. इतके दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, मला बसायला जागा नव्हती. आज सगळे गेले, म्हणून लिहिते आहे. तू मध्येच तोंड घालू शकत नाहीस, याचं पहिल्यांदाच वाईट वाटतं आहे.

आपल्या दुपारी आठवतात. विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली मेथी आणि सांबाराचा ढीग, आपण दोघी समोरासमोर, जुड्या बांधत. पुण्याचे पाहुणे आले की सांबाराला कोथिंबीर म्हणायचे आणि तू तोंडाला पदर लावून हसायचीस. तुझा फोन पाण्याच्या गडव्याला टेकवलेला. त्यात एक हिंदी बोलणारा माणूस जगभरातले डोंगर, खड्डे, वाळवंटं दाखवायचा. इतर बायका मालिका पाहायच्या, तू दगड पाहायचीस.

दक्षिण अमेरिकेतलं ते मिठाचं मैदान तू किती वेळा दाखवलंस. मैलच्या मैल मीठ, आणि त्यावर बोटभर पाणी साचलं की आभाळ खालीही दिसतं आणि वरही. तुर्कस्तानातला पांढरा डोंगर, दह्याच्या कवड्या उतरंडीला लावल्यासारखा. चीनमधले पट्ट्यापट्ट्यांचे रंगीत डोंगर. वाळवंटातला तो एक खड्डा, वर्षानुवर्षं पेटलेला. मी एका डोळ्यानं पाहायची आणि तोंडानं टोमणे मारायची.

अमेरिकेतल्या कोरड्या तळ्यातले दगड आपोआप सरकतात, मागे चाकोरी उमटते, हे तू दाखवलंस तेव्हा मी म्हटलं, "दगडं चालाले लागले तं आता माणसानं घरी बसावं."

"तसं नाई बाई. थंडीत तिथं पाण्यावर बरफाचा पापुद्रा येते. हवा सुटली का तो पापुद्रा दगडाले ढकलते."

"तुले कोणं सांगतलं?"

"मॅडमनं."

ही मॅडम म्हणजे वर्ध्याच्या बाजारात आपल्याकडून भाजी घेणारी भूगोलाची मास्तरीण. तू तिच्या पिशवीत सांबाराची एक जुडी वरून टाकायचीस आणि एक प्रश्न विचारायचीस. मागचं गिऱ्हाईक ताटकळत राहायचं. दहावीनंतर तुझी शाळा सुटली, ती तू अशी बाजारात बसून पुरी केलीस.

आयर्लंडच्या समुद्रकाठचे ते सहा कोनांचे काळे खांब, कोणी छिन्नीनं घडवल्यासारखे, ते पाहून तर तू फोन माझ्या मांडीवरच ठेवला होतास. "पाहा तं. हा आपलाच दगड हाय. आपल्या विहिरीत लागला नं काळा, त्याच जातीचा. जमिनीतून आगीचा रस निघाला, थंडा झाला, तं त्याचे असे खांब झाले."

"मंग आपल्या विहिरीत काऊन नाई निघाले खांब? आपल्याले तं नुसता सुरुंगाचा खर्च."

 दुसऱ्या दिवशी तू विहिरीच्या काठावर ओणवी होऊन आत पाहत होतीस, हे मी पाहिलं होतं.

तू जग पाहिलंस ते सगळं गडव्याला टेकवून. अंगानं तू नागपूरच्या पलीकडे गेली नाहीस. एक गिरड तेवढं झालं, आणि तेही आपल्याच जिल्ह्यात. सहा वर्षांपूर्वी गावातल्या कोणाच्या तरी नवसाची गाडी निघाली, आपण दोघी मागच्या बाकावर. टेकडीवर दर्गा, पायऱ्यांवर सगळ्या जातीधर्माची माणसं, कुठे चूल मांडलेली, कुठे नारळ फुटत असलेले. आणि टेकडीच्या अंगावर ते दगड. गोल, तपकिरी, कोणी सुपारीएवढा, कोणी जायफळाएवढा, एखादा नारळाएवढासुद्धा. हातात घेतल्याशिवाय दगड आहे हे पटत नाही. तू चप्पल काढून त्यांच्यात उभी राहिलीस.

मी तुला तिथली गोष्ट सांगितली. दोन व्यापारी जायफळ, सुपारी, नारळ लादून चालले होते. त्यांनी टेकडीवरच्या फकीरबाबांची टवाळी केली. बाबांनी त्यांच्या सगळ्या मालाचा दगड केला. तोच हा माल. म्हणून माणसानं तोंड सांभाळावं.

"पुरी सांगा नं बाई," तू म्हणालीस.

"पुरीच हाय."

"नाई. खाली ते फुलंवाली बुढी हाय, तिनं मले पुरी सांगतली. दोघाईनं पाय धरले, चुकलं म्हणे. मंग बाबानं झाडाचा वाळला पाला घेतला, अन् त्याचा पुन्हा माल करून देला. जेवढा होता तेवढा."

मला ते शेपूट ठाऊक होतं. सासूबाईही सांगायच्या. पण मी कोणाला सांगताना ते गाळायची. पोरांना सांगतानाही गाळलं. तुला मी म्हटलं, "एवढं सांगतलं तं लोकं धाक कायले ठेवतीन?" तू म्हणालीस, "धाकासाठी गोष्ट सांगता का तुमी?" आणि हसलीस. तुझं हे हसणं मला लागायचं, पण मी कधी बोलून दाखवलं नाही.

उतरताना तू एक दगड पदरात बांधलास. सासूबाईंचा दंडक होता, गिरडचा दगड गिरडलाच राहतो, घरी आणला तर मागोमाग काहीतरी येतं. मी दातओठ खात म्हटलं, "ठेव तो." तू म्हणालीस, "व्यापाऱ्याले त्याचा माल परत भेटला. मंग हा आता कोणाचाच नाई." वकील व्हायची होतीस तू.

मग मॅडमनं तुला त्या दगडाचं सांगितलं आणि तू मला ढोकळ्यावरून समजावलंस. आगीच्या रसात बुडबुडे राहिले, ढोकळ्याला जाळी पडते तशी. त्या पोकळीत थेंब थेंब पाणी मुरलं आणि पाण्यानं आणलेलं आतल्या आत बसत गेलं. पोकळी भरली तो हा गोळा. पुढे भोवतालचा दगड झिजून गेला आणि गोळे तेवढे बाहेर पडले. "म्हणजे बाई, हे पहिले रिकामी जागा होती. नुसती हवा. मंग दगड झाला." मी म्हटलं, फकीरबाबांनी केलं ते पटतं मला, हवेचा दगड झाला हे नाही पटत. आपलं हे भांडण कधी मिटलं नाही. मला वाटतं तुलाही ते मिटवायचं नव्हतं.

दगड बाजारातही यायचा. पोत्यावरचं प्लास्टिक उडू नये म्हणून तू तो ठेवायचीस, आणि एखादं गिऱ्हाईक जायफळ समजून भाव विचारायचं. तुला त्याचा कोण आनंद. पण तुझ्या मनात दुसरंच होतं. मॅडम म्हणाली होती, आत बारीक रेघा असतात, फार सुंदर. तू एका दुपारी हातोडा घेऊन बसलीस आणि मी तो तुझ्या हातातून हिसकला. "ह्या घरात हा दगड फुटला तं मी अन्नाले शिवणार नाई." तू माझ्याकडे पाहिलंस, दगड पुसलास आणि फळीवर ठेवलास. "राहू द्या. आज नाई तं उद्या." तो उद्या सहा वर्षं लांबला, माझ्यामुळे.

दिवाळीत तुझं पोट दुखायला लागलं. तू म्हणालीस, मेथीचा हंगाम जाऊ दे, मग दाखवू. भाऊजींना, तुझ्या नवऱ्याला, तू चूर्ण घेते म्हणून सांगून गप्प केलंस. मी मात्र रोज पाहत होते. तुझा घास कमी झालेला, जुडी बांधताना हात मध्येच थांबलेला. आणि माझ्या डोक्यात काय यावं? फळीवरचा दगड. सासूबाई म्हणायच्या तसं मागोमाग आलं.

मार्गशीर्षात मी माहेरी हिंगणघाटला जाते म्हणून निघाले. ब्लाउजपीसमध्ये तुझा दगड बांधलेला होता. गिरडला उतरले, टेकडी चढले, एका झाडाखाली तो ठेवला, उदबत्ती लावली आणि म्हटलं, "घ्या तुमचा माल, आमचं माणूस आमाले द्या." उतरताना इतकं हलकं वाटलं की मी खाली बसून चहा प्यायले. नंतर आठ दिवस तू बरी जेवलीस आणि मी मनात म्हटलं, झालं, बाबांनी ऐकलं. येताजाता केळझरच्या गणपतीलाही हात जोडले. तुझी फळी रिकामी दिसू नये म्हणून पालकाच्या बियाण्याचं पाकीट पुढे सरकवून ठेवलं.

ललिता, खरी कबुली दगडाची नाहीच. दगड गिरडला पोचवायला मला एक अख्खा दिवस सापडला. तुला सावंगीला न्यायला संक्रांत उजाडली. तोच दिवस मी तुला बसनं सावंगीला नेण्यात घालवू शकले असते. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस का थांबलात?" तेव्हा भाऊजी माझ्याकडे पाहत होते आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. लवकर नेलं असतं तर काय झालं असतं हे मला कोणी सांगितलं नाही, आणि विचारायची हिंमत मला झाली नाही.

तुझ्यावर रागही आहे. किती दुखतं ते तू आम्हाला का सांगितलं नाहीस? चीनच्या डोंगराचा रंग का बदलतो ते दहादा सांगायचीस आणि स्वतःच्या पोटाचं एकदाही नीट सांगितलं नाहीस.

दवाखान्यात तू पहिल्यांदा मागितलास तेव्हा मी वेळ मारून नेली. दुसऱ्यांदा तू म्हणालीस, "बाई, उद्या याल तं माहा दगड आणजा. हातात धरावा वाटते." मी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या शेतामागच्या नाल्यात उतरले. नाला कोरडा, ऊन चढलेलं. दोन तास वाकून वाकून मी एक गोल, तपकिरी दगड शोधला. बराच सारखा होता. घासून धुतला, तेलाचं बोट फिरवलं आणि तुझ्या हातात ठेवला.

तू तो हातात फिरवलास. अंगठा घासलास त्यावर. सहा वर्षं ज्याच्यावर तुझा हात होता तो दगड तुला कळणार नाही, हे मला वाटलं तरी कसं? तू म्हणालीस, "असू द्या. हा बी लय दुरून आला अशीन." मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले.

परत आले तर तू म्हणालीस, "गिरडची गोष्ट सांगा नं." मी सांगितली. व्यापारी, टवाळी, मालाचा दगड. तिथे थांबले.

"पुढं?"

"पुढं का? झालं."

"पुरी सांगा नं, बाई."

तेवढ्यात भेटायची वेळ संपल्याचं सांगत नर्स आली. मी म्हटलं, उद्या सांगते. मला सुटल्यासारखं वाटलं, कारण ती पुढची गोष्ट तुझ्यासमोर माझ्या तोंडून निघाली नसती. दुसऱ्या दिवशी तू बोलण्याच्या पलीकडे गेली होतीस. तिसऱ्या दिवशी गेलीसच.

आज सकाळी मी पुन्हा गिरडला गेले. घरात सांगूनच गेले या वेळी. तुझा फोन भाऊजींनी मला दिला आहे, तो बसमध्ये उघडला तर त्यानं नवीनच काहीतरी पुढे केलं. मादागास्कर म्हणून कुठे आहे, तिथलं सुयांसारख्या उभ्या दगडांचं रान. त्या फोनला अजून कळलेलं नाही. तो तुझ्यासाठी शोधतोच आहे. मी ते शेवटपर्यंत पाहिलं. शेजारची बाईही वाकून पाहायला लागली, तर मी तिला सांगितलं, ह्या दगडाला पावसानं धार लावली आहे. तिनं विचारलं, तुमाले कोणं सांगतलं? मी म्हटलं, माह्या जावेनं.

टेकडीवर ते झाड सापडलं. दगड सापडला नाही. तिथे हजारो आहेत आणि सगळे सारखे. मी एकेक उचलून पाहत होते, अंगठा घासून पाहत होते. तुझ्या अंगठ्याला जे कळायचं ते माझ्या अंगठ्याला कळत नाही. शेवटी एक उचलला आणि पदरात बांधला. सासूबाई वरून पाहत असतील तर पाहोत.

दुपारी कडुलिंबाखाली पोतं अंथरलं, दगड ठेवला आणि तोच हातोडा घेतला. पहिल्या दोन घावांना तो निसटला. तिसऱ्याला फुटला. तुझी मॅडम म्हणाली तसं फार सुंदर वगैरे नव्हतं, खोटं कशाला बोलू. पांढरट, थोडा मळकट. पण रेघा होत्या. कडेपासून मध्यापर्यंत, केसासारख्या बारीक, सगळीकडून आत आलेल्या. संत्रं आडवं कापल्यावर दिसतं ना, तसं. आणि अगदी मध्ये मुगाच्या दाण्याएवढी जागा रिकामी. इतक्या काळात तेवढी भरायची राहून गेली होती. म्हणजे तुझं खरं होतं. ही आधी जागाच होती. हे पाहायला मी तुला हातोडा दिला असता तर सहा वर्षांपूर्वीची ती दुपार आपली फार चांगली गेली असती.

मी तशीच बसले होते तर भाऊजी आले. हातात तुझी दवाखान्यातली पिशवी होती, इतके दिवस त्यांनी ती उघडली नव्हती. त्यांनी आतून एक रुमाल काढला. गाठ मारलेली. सोडली तर नाल्यातला दगड.

"भाऊजी, हा गिरडचा नाई," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते आपसूक निघालं.

"वहिनी, तिले मालूम होतं."

ते रुमालाची घडी घालत राहिले.

"तुमी गेल्यावर मले म्हणे, बाईनं हा नाल्यातून आणला. त्याइले बोलू नका. एवढ्या उन्हात वाकून हुडकला त्याइनं, तं आता हाच माहा दगड."

ते एवढं सांगून पाण्याची मोटार पाहायला गेले. त्यांना पुढे काही बोलता आलं नसतं, आणि मला ऐकता आलं नसतं. मी खूप रडले, ललिता. तेरा दिवसांत रडले नव्हते, कारण रडायचा हक्क आहे असं वाटत नव्हतं.

आता पुरी गोष्ट ऐक. तुला पाठ आहे, तरी माझ्या तोंडून ऐक. व्यापाऱ्यांनी टवाळी केली, त्यांच्या मालाचा दगड झाला. मग त्यांनी बाबांचे पाय धरले. आमचं चुकलं, म्हणाले. बाबांनी टेकडीवरचा वाळला पाला गोळा केला आणि त्याचा माल करून दिला, जेवढा होता तेवढा. ते दोघे मग आपल्या गावी गेलेच नाहीत. तिथेच राहिले, सेवा करत, आणि त्यांच्या कबरीही तिथेच आहेत म्हणतात. हे मी आयुष्यभर गाळलं, कारण चुकलेल्या माणसाला इतक्या लवकर सोडू नये असं मला वाटायचं. तू मला किती लवकर सोडलंस, आणि तेही मी पाय धरायच्या आधी.

कडुलिंबाची पानगळ सुरू आहे. लिहिता लिहिता कागदावर पानं पडताहेत, ती झटकते आणि पुढे लिहिते. मेथी उपटून आणली आहे, उद्याच्या बाजारासाठी जुड्या बांधायच्या आहेत, एकटीनं. फोन गडव्याला टेकवून ठेवते.

फुटलेले दोन्ही तुकडे मॅडमला दाखवायला नेईन, सांबाराची एक जुडी वरून देऊन. मधली ती जागा का भरली नाही, हे तुझ्या वतीनं विचारेन. नाल्यातला दगड मात्र फळीवर ठेवला आहे, बियाण्यांच्या पाकिटांपुढे, समोर दिसेल असा. कोणी विचारलं तर गिरडचा म्हणून सांगणार नाही. आमच्या नाल्यातला आहे म्हणेन, ललिताचा.